नकाराचा 'अ' आणि शब्दाचे मूळ

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) आपल्या प्रवचनांत आणि बायबलवर्गांत ग्रीक शब्दांची ये-जा वाढली, ही आनंदाची गोष्ट होय. नवा करार ज्या भाषेत लिहिला गेला तिचा सुगंध सर्वसामान्य भाविकांपर्यंत पोहोचावा, हे इष्टच आहे. तथापि या आनंदाच्या पाठोपाठ एक सवयही आली. शब्द घ्यावा, त्याची फोड करावी आणि फोडीतून जे हाती लागेल तेच त्या शब्दाचे खरे मर्म म्हणून सांगावे, अशी ही सवय. श्रोते थक्क होतात. परंतु थक्क होणे आणि समजणे या भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात एका लहानशा अक्षराच्या आधारे या सवयीची परीक्षा करावयाची आहे. ते अक्षर म्हणजे ग्रीक वर्णमालेतील पहिले अक्षर 'आल्फा', आपला 'अ'.

शब्दाच्या आरंभी 'अ' जोडून नकार दर्शविण्याची रीत आपल्याला परकी नाही. ग्रीक आणि संस्कृत या एकाच भारत-युरोपीय भाषाकुळातील भगिनी आहेत आणि नकाराचा 'अ' हे दोघींचे वडिलोपार्जित धन आहे. संस्कृतात 'अमृत', तर ग्रीकमध्ये 'अम्ब्रोतोस': ज्याला मृत्यू नाही ते. म आणि र यांच्यामध्ये उच्चाराच्या सोयीसाठी एक ब शिरला, एवढाच काय तो फरक. अथेन्समध्ये संत पौलाने जी वेदी पाहिली तिच्यावरील 'अग्नोस्तोस' हा शब्द आणि आपला 'अज्ञात' यांचा धातू एकच आहे. पुढे स्वर आला की आपण 'अनंत', 'अनादि' म्हणतो; ग्रीकही तेथे 'अन्' लावतात. निर्जल प्रदेशाला ते 'अनुद्रोस' म्हणतात. लॅटिनमधील 'इन्' आणि इंग्रजीतील 'अन्' ही याच मुळाची भावंडे होत. म्हणजे मराठी वाचक ग्रीक नकाराच्या दाराशी उभा राहतो तो पाहुणा म्हणून नव्हे, तर भाऊबंद म्हणून.

परंतु याच दाराशी पहिला सावधगिरीचा इशारा लिहिलेला आहे. ग्रीक शब्दाच्या आरंभी आलेला प्रत्येक 'अ' नकाराचा नसतो. आणखी एक 'अ' आहे. तो संस्कृत 'स'चा नातेवाईक असून 'एकत्र, समान' असा अर्थ देतो. 'अदेल्फोस' म्हणजे भाऊ. येथे 'देल्फिस' म्हणजे गर्भाशय आणि 'अ' म्हणजे 'समान'. आपल्या 'सहोदर' या शब्दाची घडण नेमकी अशीच आहे. 'अकोलुथोस' म्हणजे अनुयायी. 'केल्युथोस' म्हणजे वाट, आणि जो तीच वाट चालतो तो अकोलुथोस. मिस्साबलिदानात वेदीपाशी सेवा करणाऱ्यांना इंग्रजीत जे नाव आहे ते याच शब्दापासून आले. येथे 'अ' दिसला म्हणून नकार वाचू लागलो, तर 'भाऊ' हा 'गर्भाशय नसलेला' ठरेल आणि 'अनुयायी' हा 'वाट नसलेला' ठरेल!

'अदेल्फोस' या शब्दाभोवती एक जुना वाद आहे, आणि आपल्यापैकी अनेकांना तो अन्यपंथीय मित्रांकडून ऐकावा लागला असेल. शुभवर्तमानांत प्रभू येशूच्या 'भावांचा' उल्लेख आहे. 'अदेल्फोस'चा मूळ अर्थच 'एकाच उदरातून जन्मलेला' असल्यामुळे पवित्र मरियेला आणखी मुले होती हे शब्दानेच सिद्ध होते, असे कोणी म्हणतात. हा युक्तिवाद टिकणारा नाही, कारण तो शब्दाच्या जन्माला त्याचे आयुष्य समजतो. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात अब्राहाम आणि लोट हे 'अदेल्फोस' आहेत; नात्याने ते काका-पुतणे होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात पेत्र सुमारे एकशेवीस जणांच्या समुदायाला 'भाऊ' म्हणून संबोधतो. या सर्वांचे उदर एक नव्हते. परंतु न्याय दोन्ही बाजूंना सारखाच लागू झाला पाहिजे. ग्रीकमध्ये सख्ख्या भावालाही हाच शब्द आहे, आणि चुलत-मावस भावासाठी 'अनेप्सिओस' हा वेगळा शब्द असून तो कलस्सैकरांस पत्रात आलेलाही आहे. तेव्हा केवळ शब्दकोश पुढे करून ख्रिस्तसभेची शिकवण सिद्धही होत नाही आणि खोडलीही जात नाही. इ. स. ३८३च्या सुमारास संत जेरोम यांनी हेल्विदियसला उत्तर लिहिले तेव्हा त्यांनी शब्दाची फोड केली नाही. पवित्र शास्त्रात 'भाऊ' हा शब्द जन्माने, वंशाने, नात्याने आणि स्नेहाने अशा चार प्रकारे कसा योजला जातो, ते त्यांनी दाखविले. त्यांचा निष्कर्ष कोणी मान्य करो वा न करो, त्यांची रीत योग्य होती.

दुसरा इशारा याहून गमतीचा आहे. जेथे नकार मुळातच नव्हता तेथे लोकांनी तो ऐकला, अशीही उदाहरणे आहेत. आपल्याकडील 'असुर' हा शब्द घ्या. तो 'असु' म्हणजे प्राण या शब्दाशी जोडला जातो आणि ऋग्वेदात तो देवांनाही लावलेला आढळतो. पुढे लोकांना त्यातील 'अ' नकाराचा वाटला, म्हणून तो काढून टाकून देवांसाठी 'सुर' हा नवाच शब्द तयार झाला. ग्रीकांनी 'अमेझॉन' या युद्धवीर स्त्रियांच्या नावाचे असेच केले. 'माझोस' म्हणजे स्तन. तेव्हा धनुष्य ओढण्यासाठी एक स्तन नाहीसा केलेल्या त्या अमेझॉन, अशी कथा रचली गेली. ग्रीक शिल्पकार मात्र त्यांना दोन्ही स्तनांसह कोरीत राहिले. चुकीची व्युत्पत्ती अशी शब्द घडविते, कथा घडविते; पण सत्य घडवीत नाही.

'सत्य' या शब्दाचीच आता परीक्षा करू. ग्रीकमध्ये सत्याला 'अलेथेइया' म्हणतात. 'अ' म्हणजे नाही आणि 'लेथे' म्हणजे विस्मरण, दडून राहणे. यावरून सत्य म्हणजे अनावृतता, झाकलेले उघड होणे, असा सिद्धान्त जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांनी मोठ्या प्रतिभेने मांडला. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या आमच्या पिढीवर त्याची मोहिनी होती आणि प्रवचनांतूनही तो वारंवार डोकावतो. कल्पना सुंदर आहे, यात शंका नाही. पण प्राचीन ग्रीक माणूस हा शब्द उच्चारताना तो 'अ' ऐकत होता काय? प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादात सॉक्रेटिस याच शब्दाची फोड करतो, आणि ती 'आले' व 'थेइया' अशी, म्हणजे 'दैवी भ्रमंती'! तो तेथे विनोद करीत असेलही; तरी नकाराचा 'अ' त्याच्या कानांत घुमत नव्हता, एवढे दिसतेच. पॉल फ्रीडलेंडर यांनी हायडेगरवर याच मुद्द्यावरून टीका केली, आणि १९६४च्या एका व्याख्यानात खुद्द हायडेगर यांनीही अलेथेइयाला 'सत्य' म्हणणे योग्य नव्हते, असे मान्य केले.

मग संत योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू स्वतःला सत्य म्हणवितो तेथे काय समजावे? योहानालाच विचारले पाहिजे. आठव्या अध्यायात सत्याच्या विरोधात तो 'प्स्यूदोस' म्हणजे लबाडी हा शब्द ठेवतो, विस्मरण नव्हे. शिवाय त्याच्या कानांत जुन्या कराराची हिब्रू भाषा आहे. तेथील 'एमेत' या शब्दाचे अनेकदा 'अलेथेइया' असे भाषांतर झाले आहे. 'एमेत'मध्ये आहे स्थैर्य, भरवसा, वचनाला जागणे. आपण रोज उच्चारतो तो 'आमेन' याच घराण्यातला. म्हणून योहानाचे सत्य समजून घेण्यास ग्रीक 'अ'पेक्षा हिब्रू 'आमेन' अधिक उपयोगी पडतो. स्कॉटिश विद्वान जेम्स बार यांनी १९६१ साली बायबलच्या भाषेतील अर्थविचारावर ग्रंथ लिहून नेमका हाच मुद्दा धसास लावला. व्युत्पत्ती हा शब्दाचा इतिहास आहे. अर्थ वापरात असतो. 'अणू'साठीचा 'अतोमोस' हा ग्रीक शब्द 'न कापता येणारा' असे सांगतो. विसाव्या शतकात अणू फुटला, शब्द मात्र अभंग राहिला.

वापरात अर्थ कसा असतो याचे हृदयद्रावक उदाहरण दुसऱ्या शतकातील आहे. ख्रिस्ती लोक रोमन देवांना मानीत नसत म्हणून त्यांना 'अथेओस', म्हणजे देव नसलेले, नास्तिक म्हटले जाई. स्मर्नाचे वृद्ध बिशप संत पॉलिकार्प यांना अधिकाऱ्याने आज्ञा केली की, नास्तिकांचा नायनाट असो असे म्हण आणि सुटून जा. पॉलिकार्प यांनी भोवतालच्या जमावाकडे हात करून तेच शब्द उच्चारले. शब्द तोच, 'अ' तोच, धातूही तोच. अर्थ मात्र उलटला, कारण तो उच्चारणारे मुख वेगळे होते. त्यांनी त्याची किंमत आपल्या प्राणाने मोजली.

तर मग मुळाकडे पाहूच नये काय? असे म्हणणे दुसऱ्या टोकाला जाणे होईल. मूळ कधी कधी खरोखरच बोलते. ते केव्हा? लेखक स्वतः त्याला जागे करतो तेव्हा. मार्काच्या दहाव्या अध्यायात आंधळा बार्तिमय दृष्टी मिळताच प्रभूच्या मागे जातो, आणि मार्क तेथे 'वाटेने' हा शब्द आवर्जून घालतो. जो वाटेच्या कडेला बसला होता तो आता वाटेवर आला. 'अकोलुथोस'मधील झोपलेली वाट येथे डोळे उघडते. संत पेत्राच्या पहिल्या पत्राचा पहिला अध्याय तर नकाराच्या 'अ'चा उत्सवच आहे. आपल्यासाठी स्वर्गात राखलेल्या वारशाचे वर्णन तो ओळीने तीन विशेषणांनी करतो: 'अफ्थार्तोस', 'अमिआन्तोस', 'अमारान्तोस'. नाश नाही, डाग नाही, कोमेजणे नाही. हा नकार जिवंत आहे हे कशावरून? त्याच अध्यायात पुढे नाशवंत सोन्यारुप्याचा, नाशवंत आणि अविनाशी बीजाचा व शेवटी सुकणाऱ्या गवताचा आणि गळणाऱ्या फुलाचा उल्लेख येतो. ज्याचा नकार केला तेच त्याने आपल्या डोळ्यांसमोर आणून ठेवले. पत्राचे वाचक छळाच्या छायेत जगणारी, परदेशी म्हणून राहणारी माणसे होती. त्यांच्यापाशी जे जे नव्हते त्याची यादी फार मोठी असणार. पेत्राने त्या 'नाही'तून आशेची भाषा घडविली.

'अमारान्तोस'वरूनच वनस्पतिशास्त्राने एका कुळाला नाव दिले, आणि आपल्या स्वयंपाकघरातील माठ व उपवासाचा राजगिरा त्या कुळातले आहेत. येथे मात्र मोह आवरला पाहिजे. माठाची भाजी चुलीवर किती लवकर कोमेजते हे आपल्या घरातील गृहिणी जाणतातच. नावातला नकार तिला वाचवीत नाही!

म्हणून यापुढे कोणी 'मूळ ग्रीकमध्ये याचा खरा अर्थ असा' म्हणून सांगू लागला, मग तो वेदीवरून बोलणारा धर्मगुरू असो की दारात आलेला अन्यपंथीय प्रचारक, तर वाचकहो, नम्रपणे दोन प्रश्न विचारावेत. लेखकाने हा शब्द अन्यत्र कसा योजला आहे? आणि या ठिकाणी त्याने मुळाला जागे केल्याची खूण कोणती? या प्रश्नांना ग्रीक यावे लागत नाही. घरातले बायबल उघडून अध्याय मागेपुढे वाचण्याची तयारी मात्र लागते.