सुरक्षिततेचा आराखडा आणि वस्तीची नजर : कॅपिटल कॉम्प्लेक्सच्या संदर्भात

चंदीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्सची चर्चा प्रामुख्याने ल कॉर्ब्युझिए यांच्या वास्तुदृष्टीच्या अंगाने होत आली आहे. उच्च न्यायालय, सचिवालय आणि विधानसभा यांची मांडणी, उघडे काँक्रीट, छायाप्रकाशाचा खेळ हे तिचे नेहमीचे विषय होत. २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यावर या चर्चेला गौरवाचा सूर लाभला. मात्र कायदा करणाऱ्या, राबविणाऱ्या आणि त्याचा अर्थ लावणाऱ्या संस्थांचा हा परिसर नेमके कोणाला सुरक्षित ठेवतो, हा प्रश्न त्यात मागे पडतो.

३१ ऑगस्ट १९९५ रोजी सचिवालयाजवळच्या बॉम्बस्फोटात पंजाबचे मुख्यमंत्री बेअंतसिंग यांची हत्या झाली. त्यानंतर नागरिकांच्या मुक्त वावरासाठी कल्पिलेले येथील विस्तीर्ण पटांगण पहारा आणि परवानगी यांच्या अधीन गेले. ही उपाययोजना अकारण नव्हती. तथापि तिने या रचनेतील एक उणीवही उघड केली. जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये कॉर्ब्युझिए यांच्या नगरकल्पनेवर टीका करताना प्रतिपादिले होते की, रस्त्याची सुरक्षितता प्रथमतः पोलिसांवर नव्हे, तर तेथे राहणाऱ्यांच्या सहज नजरेवर अवलंबून असते. ज्या पटांगणाभोवती कोणी राहतच नाही, तेथे नजरेची जागा बंदूकधारी पहाऱ्याने घेणे अटळ ठरते.

याउलट शहर उभारणाऱ्या मजुरांच्या वस्त्यांत नजर विपुल होती. उणीव होती ती हक्काची. आराखड्यात त्यांना कायमचे स्थान नव्हते. जेकब्ज यांच्या विवेचनाची मर्यादा येथे जाणवते. पाहणारा माणूस निर्भयपणे पुढे येऊन साक्ष देऊ शकतो, असे त्यात गृहीत आहे. ज्याचे घरच बेकायदा, त्याला तक्रारीसाठी पोलीस ठाण्याची पायरी चढणे म्हणजे स्वतःवर संकट ओढवून घेण्यासारखे वाटू शकते. अशा वेळी वस्तीचा दादाच न्यायनिवाडा करू लागतो.

जयवंत दळवी यांच्या ‘चक्र’ या कादंबरीवर रवींद्र धर्मराज यांनी १९८१ मध्ये काढलेल्या चित्रपटात हे नाते स्पष्ट होते. झोपडीसाठी पत्रा चोरताना अम्माचा नवरा गोळीला बळी पडतो. अखेरीस बुलडोझर वस्ती जमीनदोस्त करतो. निवारा आणि गुन्हा येथे एकाच कृतीची दोन नावे ठरतात. चंदीगडची कॉलनी क्रमांक चार १ मे २०२२ रोजी, कामगारदिनीच, पाडण्यात आली, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

कॅपिटल कॉम्प्लेक्सच्या शेजारीच नेकचंद यांनी सरकारी जमिनीवर, परवानगीविना, वर्षानुवर्षे गुप्तपणे घडविलेले रॉक गार्डन आहे. १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. म्हणजे बेकायदेशीरपणा सर्वत्र सारखा शिक्षापात्र ठरत नाही. कलाकृती होऊन तो वाचू शकतो, घर होऊन क्वचितच वाचतो.

यावरून वंचित वस्तीतील गुन्हेगारीचा विचार रहिवाशांच्या स्वभावावरून नव्हे, तर कायद्यासमोरील त्यांच्या स्थानावरून व्हावयास हवा, असे दिसते. केवळ पक्के घर देऊनही हा प्रश्न मिटत नाही. पुनर्वसनात शेजार विखुरला, तर परस्परांवरील नजरही विखुरते. हक्काचा पत्ता आणि टिकलेला शेजार या दोन्ही गोष्टी असल्याखेरीज वस्तीची सुरक्षितता सिद्ध होत नाही. कॅपिटल कॉम्प्लेक्सच्या समीक्षेने आपल्या इमारतींकडे या कसोटीनेही पाहणे आवश्यक आहे.