‘नॉर्मल’ या शब्दाची चिकित्सा : अवटू ग्रंथीच्या चाचण्यांच्या संदर्भात

थकवा, वजनवाढ, केसगळती अशा तक्रारी असणाऱ्या रुग्णाच्या हाती थायरॉइडचा ‘नॉर्मल’ अहवाल पडला की बहुधा तपास तेथेच थांबतो. तक्रारी मात्र थांबत नाहीत. या विसंगतीचे एक मूळ ‘नॉर्मल’ या शब्दाच्या सैल वापरात आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

संदर्भमर्यादेचे स्वरूप : टीएसएचची सुमारे ०.४ ते ४ ही प्रचलित मर्यादा निरोगी मानलेल्या समूहातील मधल्या ९५ टक्के व्यक्तींच्या मूल्यांवरून ठरते. समूहाची मर्यादा व्यक्तीस जशीच्या तशी लागू होत नाही, हे संख्याशास्त्राच्या अध्यापकांस सांगावयास नको. डेन्मार्कमध्ये १६ निरोगी पुरुषांची वर्षभर दरमहा तपासणी करण्यात आली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रत्येकाचा चढउतार समूहाच्या मर्यादेच्या साधारण निम्म्या पट्ट्यातच आढळला. साहजिकच, एखाद्याचे मूल्य १ वरून ३.५ वर स्थिरावले तरी अहवाल ‘नॉर्मल’च राहतो. हा बदल जुने अहवाल शेजारी ठेवल्याविना दिसत नाही.

चाचणीच्या मर्यादा : टीएसएच हे पोष ग्रंथीचे संप्रेरक आहे. ती ग्रंथीच विकारग्रस्त असल्यास थायरॉक्सिन कमी असूनही टीएसएच मर्यादेत दिसू शकते. अशा वेळी मुक्त टी४ची तपासणी आवश्यक ठरते. केसांसाठी घेतले जाणारे बायोटिन काही चाचण्यांचे निष्कर्ष बिघडविते. तसेच औषधाची मात्रा बदलल्यावर सुमारे सहा आठवड्यांच्या आत केलेली तपासणी दिशाभूल करू शकते.

दुसरी बाजू : तथापि, यावरून प्रत्येक तक्रारीचे खापर अवटू ग्रंथीवर फोडणेही युक्त नव्हे. टीएसएच किंचित वाढलेल्या ६५ वर्षांवरील ७३७ व्यक्तींवरील युरोपीय अभ्यासात (२०१७) थायरॉक्सिनने लक्षणांत उल्लेखनीय फरक पडला नाही. रक्तक्षय, बी-१२ची कमतरता, निद्राविकार, नैराश्य यांतही हीच लक्षणे आढळतात. अनावश्यक मात्रेने हृदयाची लय बिघडण्याचा व हाडे ठिसूळ होण्याचा धोका संभवतो.

निष्कर्ष : ‘नॉर्मल’ अहवालाने अवटू ग्रंथीच्या उघड विकाराची शक्यता बरीच कमी होते, रुग्णाची तक्रार खोटी ठरत नाही. ‘मनाचे खेळ’ म्हणून तिची बोळवण करणे आणि अहवाल झुगारून गोळी सुरू करणे, या दोन्हींत राहून जाते ती एकच गोष्ट : खऱ्या कारणाचा शोध.