मित्राची गोष्ट बापूच का सांगतो?

विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' 1981 साली रंगमंचावर आलं. रोहिणी हट्टंगडींनी साकारलेली मित्रा नमा या मुलीच्या प्रेमात पडते. त्या काळात हे दाखवणं धाडसाचंच. पण गोष्ट सांगतो बापू, मित्रावर जीव असलेला तिचा मित्र. आणि शेवट आत्महत्येत.

1995 साली मुंबईत 'स्त्री संगम' हा गट उभा राहिला. पुढे त्याचं नाव 'लेबिया' झालं. त्यातल्या चयनिका शहा आणि इतर तिघांचं 2015चं पुस्तक जन्मतः मुलगी ठरवलेल्या 50 जणांच्या आयुष्यकथांवर उभं आहे. तिथे मध्ये बापू नाही. ज्यांचं आयुष्य, तेच बोलतात, आणि जगतात.

पुस्तक इंग्रजीत आहे. शिराळ्यातल्या एखाद्या मुलीला मराठीतही जगणारी मित्रा भेटायला हवी.