जोडणे आणि जुळणे : एका शल्यसंज्ञेची चिकित्सा

'व्हेटरिनरी क्लिनिक्स ऑफ नॉर्थ अमेरिका' या नियतकालिकाने कुत्र्या-मांजरांच्या अस्थिभंगावर 'मिनिमली इन्व्हेसिव्ह फ्रॅक्चर रिपेअर' या शीर्षकाचा विशेषांक २०१२ साली काढला. २०२० साली त्याच विषयास पुन्हा एक अंक वाहिला. विषय पशुशल्यवैद्यांचा खरा. परंतु त्यास मराठीत नाव द्यावयाचे म्हटले की प्रश्न भाषेचा होतो. सहज सुचणाऱ्या संज्ञा दोन : 'अल्पाक्रमक' आणि 'अल्पछेदी'. पहिलीत लॅटिन मुळातील 'आत जाणे' हा साधा अर्थ हरपून लढाईचा वास येतो. दुसरी अधिक फसवी आहे.

त्वचेवरील छेद लहान असणे हे या पद्धतीचे केवळ बाह्य लक्षण होय. स्वित्झर्लंडमध्ये १९५८ साली स्थापन झालेल्या 'ए. ओ.' या संघाच्या आरंभीच्या शिकवणीत तुकडे तंतोतंत बसवून ते पट्टी व स्क्रू यांनी घट्ट आवळण्यावर भर होता. त्यासाठी भंगस्थान उघडे करावे लागे, आणि हाडास रक्त पुरविणारी वेष्टने त्यात दुखावत. नव्या पद्धतीत भंगस्थानास शक्यतो हातच लावावयाचा नाही. त्याच्या वर व खाली लहान छेद घ्यावयाचे, पाय ताणून त्याची लांबी व दिशा नीट करावयाची, हाडालगत पट्टी सरकवावयाची, आणि मधला चुरा साकळलेल्या रक्तासह तसाच राहू द्यावयाचा.

हा भेद आमच्या बोलीने केव्हाच केला आहे. 'जोडणे' सकर्मक, त्याचा कर्ता वैद्य. 'जुळणे' अकर्मक, त्याचा कर्ता हाड. गावाकडे हाड 'बसवतात' माणसे, पण 'जुळते' ते हाडच. (म्हणून हाडवैद्याकडे जावे, असा याचा अर्थ नव्हे.) 'दुरुस्ती' या शब्दात मात्र हाडाचे कर्तृत्व पुसले जाते.

परिणाम कुत्र्यास भोगावे लागतात. 'अल्प' हा शब्द ऐकून मालक दुखणेही अल्प समजतो आणि पाय टेकू लागताच जनावर मोकळे सोडतो. वस्तुतः हाड जुळेपर्यंत भार पट्टीवर असतो, ती वाकते किंवा स्क्रू सैल होतात. उलट, क्ष-किरणचित्रात विस्कळीत तुकडे दिसले की काम अर्धवट टाकले असा त्यास संशय येतो.

सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत गेलेल्या भंगात मात्र तुकडे तंतोतंत जोडावेच लागतात. तेथे जुन्या क्रियापदाचा अधिकार कायम आहे. इतरत्र, समास घडविण्याचा मोह आवरून, 'मोडलेली जागा न उघडता हाड बसवणे' असे लिहावे. नाव लांब आहे. पण मालकाच्या संमतिपत्रावर सहा शब्दांस पुरेशी जागा असते.