आधी पराक्रम, मग जन्म : सुपरहीरोंच्या चित्रकथांचा वाचनक्रम

चरित्र वाचावयाचे ते जन्मापासून, ही आपली जुनी सवय आहे. जन्म, बालपण, पराक्रम आणि अखेर अशा क्रमाने नायक आपल्यापुढून जावा, अशी आपली अपेक्षा असते. अमेरिकेतील सुपरहीरोंच्या चित्रकथांकडे वळणारा नवा वाचक हीच सवय बरोबर घेऊन येतो आणि पहिल्याच पावलास अडखळतो. सुपरमॅन १९३८ मध्ये, बॅटमन १९३९ मध्ये आणि स्पायडरमॅन १९६२ मध्ये अवतरला. तेव्हापासून एकेका नायकाचे शेकडो अंक निघाले, एका नायकाच्या चार-चार मालिका चालू झाल्या, एका मालिकेतील कथा दुसरीत शिरली. अशा पसाऱ्यापुढे उभा राहून तो विचारतो, “आरंभ कोठून करावा?” प्रश्न साधा आहे, परंतु त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे. ही कथा कोणाची मानावयाची? नायकाची, की ती रचणाऱ्याची? वाचनक्रमाचा निर्णय या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे, असे आमचे मत आहे. ते येथे थोड्या विस्ताराने मांडावयाचे योजिले आहे.

हा मजकूर मुळात मुलांचा, त्याची एवढी चिकित्सा कशास, असे काही रसिक म्हणतील. त्यांस एवढेच सांगावयाचे की, मराठी घरांस हा प्रकार परका नाही. ली फॉकच्या लेखणीतून १९३६ मध्ये उतरलेला फँटम ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून १९६४ नंतर आपल्याकडे आला आणि मराठीत ‘वेताळ’ या नावाने घरोघर वाचला गेला. त्या काळी हातास येईल तो अंक वाचावयाचा, ही एकच रीत होती. आणि प्रत्येक कथा स्वतःपुरती पुरी असल्यामुळे तिने कोणाचे काही बिघडले नाही. पण आज स्थिती निराळी आहे. जुने अंक खंडरूपाने सहज मिळतात, आणि त्यांच्याबरोबर कोणता खंड आधी व कोणता नंतर हे सांगणाऱ्या याद्याही मिळतात. या याद्या सामान्यतः तीन तत्त्वांवर रचलेल्या असतात. त्या तिन्ही तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पहिले तत्त्व नायकाच्या वयाचे. नायकाच्या आयुष्यात जी घटना आधी घडली ती आधी वाचावी, असे ते सांगते. वरवर पाहता यात खोट दिसत नाही. परंतु या कथा त्या क्रमाने लिहिल्याच गेल्या नाहीत. बॅटमन प्रथम दिसला तो ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात, मे १९३९ मध्ये, आणि दिसला तो मुखवटा चढवून, पुरा सिद्ध होऊनच. लहानपणी त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईबापांचा खून झाला, ही गोष्ट वाचकांस कळली ती ३३व्या अंकात, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, अवघ्या दोन पानांत. आधी पराक्रम, मग जन्म.

आपल्याकडील वाचकास याचे नवल वाटू नये. महाभारतात श्रीकृष्ण येतो तो द्रौपदीस्वयंवराच्या मंडपात, जाणता राजपुरुष म्हणून. त्याचे गोकुळातील बालपण सांगावयास पुढे ‘हरिवंश’ हे खिलपर्व जोडावे लागले. रामायणातील बालकांडाचा पुष्कळसा भाग मागाहूनचा आहे, असे अनेक विद्वानांचे मत आहे. लोक आधी पराक्रमावर लुब्ध होतात आणि मग असा हा पुरुष जन्मला कोठे, वाढला कसा, हे विचारतात. जन्मकथा हे त्या कुतूहलाला दिलेले उत्तर असते. वयाच्या क्रमाने वाचणारा वाचक प्रश्नाच्या आधी उत्तर वाचतो.

यामुळे काय हरपते ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. फ्रँक मिलरने १९८६ मध्ये ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ ही चार अंकांची कथा लिहिली. तीत बॅटमन पंचावन्न वर्षांचा आहे आणि दहा वर्षांपूर्वी त्याने मुखवटा उतरवून ठेवला आहे. दुसऱ्याच वर्षी, १९८७ मध्ये, मिलरने ‘इयर वन’ लिहिली. चित्रे डेव्हिड मॅझुकेलीची. येथे बॅटमन पंचवीस वर्षांचा असून त्याचा हा आरंभ आहे. वयाची यादी अर्थातच ‘इयर वन’ आधी ठेवते. आता खिडकीचा प्रसंग पाहा. १९३९च्या त्या दोन पानांत उघड्या खिडकीतून वटवाघूळ आत येते आणि तरुणास आपले रूप सापडते. १९८६ मध्ये मिलरने हीच खिडकी पुन्हा उभी केली; पण आता वटवाघूळ काच फोडून येते आणि येते ते एका थकलेल्या माणसाकडे, ज्याला स्वतःस आवरणे यापुढे शक्य नाही. १९८७ मध्ये पुन्हा तीच काच फुटते, या वेळी रक्ताने माखून खुर्चीत बसलेल्या तरुणापुढे. लिहिल्या क्रमाने वाचणाऱ्यास दिसते की, म्हाताऱ्याची ओढ आधी रंगवून झाल्यावर लेखक तिचे मूळ शोधीत मागे गेला आहे. म्हणून तरुणाच्या त्या निश्चयावर आरंभापासूनच एक खिन्न छाया पडते. वयाच्या क्रमाने वाचणाऱ्यास मात्र म्हाताऱ्याची खिडकी ही केवळ पुनरुक्ती वाटते. घटना त्याच, चित्रे तीच. क्रम उलटला आणि अर्थ गेला.

याच कथेत जेसन या मुलाच्या मृत्यूचा उल्लेख आहे. जेसन टॉड हा त्या वेळचा रॉबिन, आणि १९८६ मध्ये मुख्य मालिकेत तो जिवंत होता. त्याचा मृत्यू झाला तो १९८८ मध्ये, आणि तोही वाचकांकडून दूरध्वनीने मते मागवून. मारावा या बाजूस ५,३४३ आणि वाचवावा या बाजूस ५,२७१ मते पडली. मिलरचा तो उल्लेख प्रसिद्धीच्या क्रमात अपशकुनासारखा अंगावर येतो. वयाच्या क्रमात ती नुसती नोंद उरते. बहात्तर मतांनी मेलेला हा मुलगा पुढे २००५ मध्ये जिवंत होऊन परतला, हे येथे सांगितले पाहिजे; कारण त्यावरून नायकाचे वय आणि चरित्र या किती अस्थिर वस्तू आहेत हे ध्यानात येते.

ही अस्थिरता अपघाती नाही. १९६१ मध्ये ‘फ्लॅश’च्या १२३व्या अंकात असे ठरले की, जुने नायक एका पृथ्वीवर व नवे दुसऱ्या पृथ्वीवर राहतात. पुढे पृथ्व्या वाढत गेल्या. वाचक गोंधळतो म्हणून १९८५–८६ मध्ये मार्व्ह वुल्फमन व जॉर्ज पेरेझ यांच्या बारा अंकी ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’मध्ये त्या साऱ्या मोडून एकच पृथ्वी करण्यात आली, आणि मागील इतिहास बदलला. २०११ मध्ये डीसीने बावन्न मालिका एकाच वेळी पहिल्या अंकापासून आरंभून तो पुन्हा बदलला. आम्ही सरकारी कचेरीत कारकुनी करतो. तेथे पूर्वलक्षी प्रभावाने लागू होणारे आदेश आमच्या रोजच्या परिचयाचे आहेत. आज निघालेला आदेश पाच वर्षांपूर्वीची स्थिती बदलू शकतो. परंतु जुना आदेश कोणत्या तारखेस निघाला, त्यावर सही कोणाची, हे तो बदलू शकत नाही. नायकाचे चरित्र कंपनी हवे तेव्हा दुरुस्त करील. नोव्हेंबर १९३९च्या अंकात जे छापले गेले ते छापले गेले. भरवसा ठेवावयाचा तो तारखेवर.

दुसरे तत्त्व अंकाच्या क्रमांकाचे : जेथे ‘अंक १’ दिसेल तेथून आरंभ करावा. हे तर फारच फसवे आहे. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ ही मालिका १९६३ मध्ये सुरू झाली आणि १९९९, २०१४, २०१५, २०१८ व २०२२ या वर्षी पुन्हा पहिल्या अंकापासून मोजली गेली. नवी फाइल उघडली म्हणजे प्रकरण नवे होत नाही, हे कोणताही कारकून सांगेल. ‘अंक १’ ही बहुधा विक्रीची सोय असते.

तिसरे तत्त्व निवडक महत्त्वाच्या अंकांचे. वेळ थोडा असलेल्या वाचकास ते मोह घालते. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चा जून १९७३चा १२१वा अंक अशा प्रत्येक यादीत असतो, कारण त्यात पीटर पार्करची प्रेयसी ग्वेन स्टेसी मरते. पण ग्वेन प्रथम भेटते ती ३१व्या अंकात. मधल्या नव्वद अंकांत तिच्याशी ओळख, गैरसमज, रुसवे, जवळीक हे सारे झालेले असते. ते गाळून थेट १२१वा अंक उघडणाऱ्यास पुलावरून कोसळणारी एक मुलगी दिसते. ती कोण, हे त्याला केवळ ऐकून ठाऊक असते. दुःखाचे मोल त्यामागे गेलेल्या दिवसांनी ठरते. निवडक अंकांची यादी घटना हातात देते आणि ते दिवस काढून घेते.

मग आम्ही कोणता क्रम सांगतो? हातांचा. नायक न निवडता लेखक व चित्रकार निवडावे. त्यांनी केलेले काम पहिल्या अंकापासून अखेरच्या अंकापर्यंत, छापल्या तारखेच्या क्रमाने वाचावे आणि हात बदलला की थांबावे. पुढे जावयाचे तर नव्या हाताचे काम नवे म्हणून वाचावे. कोणता हात आधी घ्यावा, याविषयी आमचा फारसा आग्रह नाही. तरी नव्या वाचकासाठी एक मार्ग सुचवितो.

प्रथम ग्रँट मॉरिसन व फ्रँक क्वाइटली यांची ‘ऑल-स्टार सुपरमॅन’ घ्यावी. २००५ ते २००८ या काळात निघालेले हे बारा अंक स्वतःत पूर्ण आहेत. सुपरमॅनची जन्मकथा येथे पहिल्या पानावरच चार चित्रांत आणि आठ शब्दांत आटोपली आहे. जे सर्वांस ठाऊक आहे ते सांगण्यात वेळ दवडावयाचा नाही, असा हा संयम आहे. पुढे मरण समोर दिसत असलेला सुपरमॅन उरलेल्या दिवसांत एकेक काम हातावेगळे करीत जातो.

नंतर स्टॅन ली व स्टीव्ह डिटको यांचा स्पायडरमॅन : ऑगस्ट १९६२चा ‘अमेझिंग फँटसी’चा १५वा अंक आणि त्यापुढील मालिकेचे पहिले अडतीस अंक. पराक्रमाआधी जन्म आणि मग खरोखरीचे वाढणे असे येथे घडते, म्हणून आमच्या नियमाला हा सुंदर अपवाद आहे. पीटर २८व्या अंकात शाळा संपवितो, ३१व्यात कॉलेजात जातो. फेब्रुवारी १९६६च्या ३३व्या अंकात तो प्रचंड यंत्राखाली अडकला आहे; मे काकूंचे औषध समोर पडले आहे आणि हात पोहोचत नाही. तो ते ओझे उचलू लागतो तशी डिटकोची चित्रेही मोठी होत जातात आणि शेवटी एक चित्र सारे पान व्यापते. त्या पानाचा भार ज्यास जाणवावयाचा त्याने आधीचे बत्तीस अंक वाचलेले असले पाहिजेत. ज्यास पुढे जाऊन ग्वेनपर्यंत पोहोचावयाचे आहे त्याने ३९व्या अंकापासून जॉन रोमिटाचा नवा हात ओळखीत जावे.

तिसरी मिलरची जोडी, वर सांगितलेल्या क्रमाने. आणि अखेरीस अॅलन मूर व डेव्ह गिबन्स यांची ‘वॉचमेन’ (१९८६–८७). बहुतेक याद्या हिला पहिला मान देतात. तिच्या थोरवीविषयी आमचा वाद नाही; परंतु ती भाष्य आहे, आणि मुळाआधी भाष्य वाचू नये. मुखवटा घालून न्याय करू निघालेल्या माणसाचे मन कसे असेल, हा तिचा विषय. तीतील रॉरशाख हे पात्र डिटकोने १९६७ मध्ये निर्मिलेल्या ‘क्वेश्चन’वरून घडले आहे. ज्याने डिटकोचा पीटर ओझ्याखाली पाहिला आहे त्यालाच रॉरशाखची ताठर नीती कोठून आली आणि कोठे वाकडी गेली, हे समजेल.

हातांच्या क्रमाचा आग्रह धरण्यास रसास्वादापलीकडचे एक कारण आहे. सीगल व शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनवरील सर्व हक्क १९३८ मध्ये १३० डॉलरांस विकले. कंपनीने त्यांस वार्षिक निवृत्तिवेतन आणि नावाचा मान दिला तो १९७५ मध्ये, तेही त्यांनी आपली विपन्नावस्था जाहीर केल्यावर. बॅटमनच्या निर्मितीत बिल फिंगरचा वाटा मोठा. पण नाव छापले जाई ते एकट्या बॉब केनचे. फिंगर १९७४ मध्ये वारला आणि त्याला अधिकृत श्रेय मिळाले २०१५ मध्ये. नायकाचे चरित्र सलग लावून वाचणाऱ्या यादीत या माणसांस जागाच नसते. तीत सुपरमॅन आपोआप जन्मतो आणि आपोआप वाढतो, जणू त्याला कोणी रचलाच नाही. अशी यादी पाळणारा वाचक नकळत मालकाच्या दृष्टीने वाचीत असतो.

म्हणून नव्या वाचकास आमची विनंती एवढीच की, खंड हाती घेतल्यावर मुखपृष्ठावरील वीराकडे पाहून झाले की पहिले पान उलटावे. तेथे लेखक, चित्रकार, शाई भरणारा, रंग देणारा, अक्षरे लिहिणारा यांची नावे असतात. ती वाचावी, सालाची नोंद घ्यावी आणि मग कथेस आरंभ करावा. दुसरा खंड कोणता घ्यावयाचा, हे त्या नावांवरूनच ठरविता येईल.