काढलं, पण ठेवलं कुठे?

मंडळी, केळीच्या सालीने पाण्यातलं शिसं निघतं, ही बातमी तुम्ही कुठे ना कुठे वाचली असेल. तिचं मूळ पाहण्यासारखं आहे. २०११ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी सालीचा भुगा करून पाराना नदीच्या पाण्यातलं तांबं आणि शिसं त्यावर गोळा केलं. कशासाठी? तर मुख्यतः मोजण्यासाठी. नदीत धातू इतका विरळ असतो की नीट मोजता येत नाही. म्हणून आधी तो सालीवर साठवायचा, मग आम्लाने सोडवून मोजायचा. तोच भुगा अकरा वेळा वापरता आला. काम चोख आहे. बातम्यांत मात्र या मोजमापाच्या साधनाचा जलशुद्धीकरणाचा उपाय झाला.

भाताचं तूस, नारळाची करवंटी, चिंचोके, कडुलिंबाची पानं, सगळ्यांवर असे निबंध आहेत. सारांशात बहुतेक वेळा टक्केवारी असते. समजा, ‘९० टक्के शिसं निघालं.’ लिटरमागे १ मिलीग्रॅम होतं, तर ०.१ उरलं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकाची मर्यादा आहे ०.०१. म्हणजे उरलं ते दहापट! टक्केवारी खरी, पाणी विषारीच.

मग येतं लँगम्यूरचं समीकरण. १९१८ साली त्याने ते काच, अभ्रक आणि प्लॅटिनमच्या सपाट पृष्ठावर बसणाऱ्या वायूंसाठी मांडलं. त्यात सगळ्या जागा सारख्या धरल्या आहेत. केळीच्या सालीत कसल्या सारख्या जागा? आलेखावर ठिपके रेषेत बसले म्हणून गृहीतक सिद्ध होत नाही, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. शिवाय प्रयोगाचं पाणी पुष्कळदा ऊर्ध्वपातित, त्यात एकच धातू. आपल्या बोअरच्या पाण्याने हंड्याला पांढरा थर चढतो. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियमही त्याच जागांवर हक्क सांगणार की नाही?

पण माझी खरी तक्रार ‘काढणे’ या क्रियापदाशी आहे. अधिशोषणात धातू नष्ट होत नाही, फक्त जागा बदलतो. पाण्यातून सालीवर. साल उकिरड्यावर टाकली की पावसाने शिसं पुन्हा जमिनीत उतरू शकतं. आम्लाने धुतली तर ते आम्लात आलं. ते आम्ल कोणत्या मोरीत ओतायचं? आणि साल भरली हे घरच्या बाईला कळणार कसं? शिशाला या प्रमाणात ना रंग, ना चव. वेळोवेळी पाणी तपासून घ्यायला पैसे लागतात. ‘स्वस्त’ म्हणताना हिशेबात धरली फक्त सालीची किंमत, आणि साल तर फुकटच होती.

हा विषय टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही, बरं का. खऱ्या विहिरीचं पाणी घेऊन, नळीत भुगा भरून, किती लिटरनंतर धातू पलीकडे निसटतो हे दाखवणारे निबंधही आहेत. ते मी आवडीने वाचतो. फक्त त्यांचा शेवटचा परिच्छेद आधी उघडतो, वापरलेल्या भुग्याचं काय केलं ते लिहिलंय का बघायला.