वायुदलांचे युद्धकालीन गणवेश: कालनिर्णयाची चिकित्सा

दुसऱ्या महायुद्धांतील ब्रिटिश व हिंदी वायुदलांचे गणवेश आणि बिल्ले जमविणाऱ्यांचा उद्योग स्तुत्य आहे. परंतु चिन्हाची तारीख तीच कपड्याची तारीख, हा त्यांच्यांतील प्रचलित समज मात्र टिकण्यासारखा नाहीं.

निरीक्षकांचा ‘ओ’ अक्षराचा एकपंखी बिल्ला १९१५ सालीं सुरू झाला व १९४२ सालीं त्याच्या जागीं नॅव्हिगेटरांचा ‘एन’ अक्षराचा बिल्ला आला. तेवढ्यावरून ‘ओ’ असलेला डगला १९४२ पूर्वींचा ठरत नाहीं. कारण तो बिल्ला आधीं मिळविलेल्यांस पुढेंहि वापरण्याची मुभा होती. बिल्ल्यावरून माणसाच्या शिक्षणाचा काळ कळतो, डगल्याचा नव्हे.

हिंदी वायुदलास ‘रॉयल’ ही उपाधि मार्च १९४५ मध्यें मिळाली व जानेवारी १९५० मध्यें ती गेली. म्हणजे ‘आर. आय. ए. एफ.’ हीं अक्षरें असलेली वस्तु मार्च १९४५ च्या आधींची नव्हे, हें निश्चित. परंतु युद्ध त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें थांबलें. जवळजवळ पांच वर्षांपैकीं सुमारें पांचच महिने युद्धाचे! तेव्हां अशा वस्तूस ‘युद्धकालीन’ म्हणावयाचें तर स्वतंत्र पुरावा पाहिजे.

केवळ शिक्क्यावरून आपण कागद अस्सल मानीत नाहीं. अक्षर व मजकूरहि पाहतों. तोच न्याय येथें लावावा. अस्तरांतील शिंप्याची चिठी, तीवरील नांव व तारीख, बिल्ल्याची शिवण आणि त्या माणसाची सेवानोंद यांचा मेळ बसला पाहिजे. उसवलेला बिल्ला शोभेसाठीं नव्या दोऱ्यानें शिवणें म्हणजे पुरावा पुसणें होय. एकाच्या पराक्रमाचें नांव दुसऱ्याच्या डगल्यास चिकटूं नये, एवढ्यासाठींच हा आग्रह.